स्पेशलची साधी गाडी करताना

गाडी घरी आणली त्या रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला. सांगलीत सकाळ होती. फोन गाडीभोवती गोल फिरवून दाखवला. बाबांनी चहाचा घोट घेत शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "ही बसायची आहे का झोपायची?"

प्रश्न रास्त होता. गाडी म्हणजे १९७९ सालची यामाहा एक्सएस६५० स्पेशल. हँडल म्हशीच्या शिंगांसारखं उंच आणि मागे वळलेलं. पेट्रोलची टाकी थेंबाच्या आकाराची, छोटीशी. सीट दोन मजली : चालवणाऱ्यासाठी खाली खळगा, त्याच्यामागे डबलसीटवाल्यासाठी ओट्यासारखी उंच गादी आणि तिच्यामागे पाठ टेकायला क्रोमची कमान. मागचं चाक बुटकं आणि जाड. बाबांनी आयुष्यभर येझदी चालवली. त्यांच्या लेखी मोटरसायकल म्हणजे सपाट सीट, सरळ हँडल आणि पायाखाली फूटरेस्ट. बाकी सगळी नाटकं.

माझंही तेव्हा हेच मत होतं. म्हणूनच मी ही गाडी घेतली होती, तिची नाटकं उतरवून तिला 'साधी' करायला.

मी ओहायोतल्या कोलंबसमध्ये राहतो आणि सॉफ्टवेअर लिहितो. गाडी मिळाली ॲक्रनजवळच्या एका छोट्या गावात. ॲक्रन हे टायरचं शहर आहे. गाडी विकणारे आजोबाही टायरच्या कारखान्यातूनच निवृत्त झालेले. १९७९ साली त्यांनी ती कोरी घेतली होती. तेव्हापासून मालक एकच. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून विकत होते. किल्ली देताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, इग्निशनच्या पॉइंटची गॅप अधूनमधून तपासत जा. दोन, काहीही कर, पण चेसिस कापू नकोस. दुसरी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. माझ्या डोक्यात काय चाललंय ते त्यांनी ओळखलं असणार. या मॉडेलच्या कितीतरी गाड्यांच्या चेसिस मागून कापून लोकांनी त्यांच्या कॅफे रेसर आणि बॉबर केल्या आहेत.

मला कापाकापी करायची नव्हती. मला 'मूळ' गाडी हवी होती. ती मूळ गाडी कोणती, हे शोधताना इतिहासात शिरलो.

आधी 'स्टँडर्ड' या शब्दाविषयी. सरळ बसायला लावणाऱ्या गाडीला आज स्टँडर्ड म्हणतात. पण १९६०च्या दशकात कोणी दुकानात जाऊन "स्टँडर्ड मोटरसायकल द्या" असं म्हणत नसे. मोटरसायकल तशीच असायची, तिला वेगळं नाव लागत नव्हतं. आपल्याकडे कोंबडीचं जे झालं तेच इथे झालं. ब्रॉयलर येण्याआधी कोंबडी ही फक्त कोंबडी होती, ब्रॉयलर आली आणि ती 'गावरान' झाली. क्रूझर आली आणि नेहमीची गाडी 'स्टँडर्ड' झाली.

माझ्या गाडीच्या घराण्यात हा बदल सालवार दिसतो.

१९६९ पर्यंत यामाहाच्या मोटरसायकली म्हणजे टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोकचा कंपनीचा अनुभव मोटारींमधून आला होता. टोयोटाच्या १९६७ सालच्या २०००जीटी या स्पोर्ट्स कारच्या इंजिनावर यामाहाने काम केलं होतं. १९६९च्या शेवटी टोकियोच्या मोटर शोमध्ये यामाहाने आपली पहिली फोर-स्ट्रोक मोटरसायकल दाखवली आणि १९७० मध्ये ती विक्रीला आली. तिचं नाव एक्सएस-१. ६५३ सीसी, शेजारी शेजारी उभे दोन सिलिंडर. डोळ्यांपुढे कोणती गाडी होती हे लपलेलं नाही : १९५९ साली आलेली इंग्लंडची ट्रायम्फ बोनव्हिल. तीच उभी ठेवण, तसंच सपाट सीट, गुडघे टेकायला तशीच टाकी.

आत मात्र फरक होता. त्या काळच्या ब्रिटिश ट्विन गाड्यांच्या इंजिनाचं कवच उभं दुभंगलेलं असे. जोड थेट तळातल्या ऑइलपर्यंत जाई आणि गाडीखाली ऑइलचा डाग पडणं हे नेहमीचंच होई. यामाहाने कवच आडवं कापलं, म्हणजे झाकण असलेल्या डब्यासारखं. ऑइल खालच्या अर्ध्यात राहिलं, जोड त्याच्या वर गेला. थरथर मात्र यामाहालाही टाळता आली नाही. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात. आजही सिग्नलला गाडी उभी असली की पुढचं चाक जागच्या जागी नाचताना दिसतं.

ही गाडी काही शोभेची नव्हती. केनी रॉबर्ट्सने १९७३ आणि १९७४ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेची ग्रँड नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली, तेव्हा मातीच्या ट्रॅकवर त्याच्याखाली याच इंजिनावर बांधलेली यामाहा होती. हार्लेच्या अंगणात येऊन जपानी ट्विन जिंकत होती.

पण एक्सएस-१ टोकियोत झळकली त्याच १९६९ साली अमेरिकेत 'ईझी रायडर' हा सिनेमा लागला होता. लांब फोर्क, उंच हँडल, रेलून बसलेला माणूस. असल्या चॉपर गाड्या त्याआधीही पोरं गॅरेजमध्ये कापून-जोडून बनवत होती. सिनेमाने ती इच्छा घराघरात नेली. मात्र गाडी कापून घ्यायची तर वेल्डर हवा, पैसा हवा आणि जिवाची फिकीर नको. नोकरदार माणसाला चॉपरचं रूप हवं होतं, पण कंपनीच्या वॉरंटीसकट.

हार्लेने हे ओळखलं. १९७१ मध्ये विली जी. डेव्हिडसनने मोठ्या टूरिंग हार्लेच्या चेसिसवर छोट्या स्पोर्टस्टरचा पुढचा भाग बसवून सुपर ग्लाइड काढली. म्हणजे गॅरेजमधला उद्योग आता कारखान्यात होऊ लागला. १९७६ मध्ये कावासाकीने नेब्रास्कातल्या लिंकनच्या आपल्या कारखान्यातून केझेड९०० एलटीडी काढली. नेहमीचंच मॉडेल, हँडल आणि सीट वेगळं. १९७८ मध्ये यामाहाने एक्सएस६५०ची स्पेशल आणली.

कारखान्याच्या बाजूने पाहिलं तर हा फारच स्वस्तातला बदल होता. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, पुढचं १९ इंची चाकही तेच. मागचं १८ इंची चाक जाऊन १६ इंची आलं. टाकी, सीट, हँडल बदललं. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड तसाच ठेवून यूआय बदलला. १९७९ साली अमेरिकेतल्या शोरूममध्ये स्टँडर्ड आणि स्पेशल शेजारी शेजारी उभ्या असत. गिऱ्हाइकाने बोट स्पेशलकडे केलं आणि काही वर्षांतच इथे फक्त स्पेशल उरली.

१९८१ मध्ये यामाहाने हाच खेळ नव्या व्ही-ट्विन इंजिनावर मांडला. व्हिरागो ७५० ही क्रूझर आणि एक्सव्ही९२०आर ही सरळ बैठकीची गाडी, दोन्ही एकाच वर्षी. एक्सव्ही९२०आर दोन वर्षांत अमेरिकेतून गेली. व्हिरागो हे नाव दीड दशकाहून जास्त टिकलं. जपानी क्रूझर इतक्या खपू लागल्या की हार्लेने सरकारकडे दाद मागितली. एप्रिल १९८३ पासून रेगन सरकारने ७०० सीसीवरच्या आयात मोटरसायकलींवरचं शुल्क ४.४ टक्क्यांवरून एकदम ४९.४ टक्क्यांवर नेलं. त्यावर जपान्यांचं उत्तर म्हणजे ६९९ सीसीची इंजिनं. ६५३ सीसीच्या माझ्या गाडीला या शुल्काची झळ लागली नसती, पण तोवर तिचं वयच झालं होतं. १९८३च्या आसपास अमेरिकेसाठीचं तिचं उत्पादन थांबलं.

हे सगळं वाचून माझं मत पक्कं झालं. खरी गाडी १९७० ची. स्पेशल म्हणजे विक्रीखात्याने तिच्यावर चढवलेला सिनेमाचा पोशाख. तो उतरवला की आतून खरी गाडी निघेल.

माझ्या पाठीचंही हेच म्हणणं होतं. पहिल्याच रविवारी हायवेवर गेलो आणि वीस मिनिटांत खांदे भरून आले. मागे वळलेलं हँडल धरलं की माणूस ताठ बसतो आणि छाती शिडासारखी वाऱ्यात उभी राहते. वारा मागे ढकलतो, आपण हातांना लोंबकळतो. त्यात गंमत अशी की स्पेशल करताना फूटरेस्ट पुढे नेलेच नव्हते. ते मधेच राहिले. वरचं अंग क्रूझरवर, खालचं स्टँडर्डवर.

मग प्रश्न पडला, की त्या आजोबांनी अशी गाडी इतकी वर्षं चालवली कशी? उत्तराचा एक भाग रस्त्यावरच्या पाटीत आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर, १९७४ मध्ये अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली. ती १९८७ मध्ये थोडी सैल झाली आणि १९९५ मध्ये उठली. आज ओहायोच्या मोठ्या हायवेवर ७० मैलांची मर्यादा आहे. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७० भागिले ५५, त्याचा वर्ग : साधारण १.६. म्हणजे माझ्या छातीवरचा वारा १९७९ मधल्या आजोबांच्या छातीवरच्या वाऱ्यापेक्षा ६० टक्क्यांनी जास्त आहे. ही बैठक मूर्खपणाची नव्हती. ती ५५ मैलांच्या देशासाठी ठीक होती.

इथे माझं मत पहिल्यांदा जरा हललं. पण पाने हातात घेऊन झाले होते.

ओहायोत दर जुलैत मिड-ओहायोच्या रेस ट्रॅकवर जुन्या मोटरसायकलींची जत्रा भरते. आपल्याकडच्या जुन्या बाजारासारखीच, फक्त सगळा माल मोटरसायकलचा. ताडपत्रीवर कार्ब्युरेटर, दिवे, टाक्या मांडलेल्या. तिथे स्टँडर्डची मोठी टाकी मिळाली, आतून गंजलेली. सरळ, कमी उंचीचं हँडलही मिळालं. टाकी गाडीवर अशी बसली की जणू तिची वाटच पाहत होती. पुढचे रबर तेच, आधार तोच. हँडल बसवलं तर क्लचची वायर, ॲक्सिलरेटरची वायर आणि ब्रेकचा पाइप सगळेच लांब पडले. त्यांची वेटोळी हेडलाइटसमोर लोंबायला लागली. उंच हँडलसाठी ते सगळं वाढवलेलं होतं. ते बदलून आखूड घातले.

मागच्या चाकाला तीन रविवार गेले. माझ्या गाडीची चाकं तारांची आहेत. जुन्या हबवर १८ इंची रिम आणि ३६ नव्या तारा घालून चाक पुन्हा विणलं. एक तार आवळली की दुसरी जुळवावी लागते, आणि चाक सरळ फिरेपर्यंत हा हट्ट चालतो. रिम दोन इंचांनी मोठी, म्हणजे गाडी मागून चांगलीच उचलली जाईल असं मला वाटत होतं. टेपने मोजलं तर मागचा आस जेमतेम एक सेंटिमीटर वर गेला होता. जुना १६ इंची टायर इतका फुगीर होता की रिमची बहुतेक कसर त्यानेच भरून काढलेली. जी बैठक मला 'वेगळी गाडी' वाटत होती तिच्या मुळाशी फरक एवढासाच होता.

शेवटी सीट उरलं.

जुन्या सीटच्याच बिजागरीवर आणि कडीवर बसेल असा नवा सपाट सांगाडा करून घेतला. नवं फोम, नवं काळं कव्हर. जुनं सीट कपाटावर ठेवायला उचललं तेव्हा दिसलं की मागच्या उंच गादीची शिवण कारखान्याची नाही. धागा जाड, टाके हाताचे, एका ओळीत नीट घातलेले. पुढच्या भागावर असं काही नव्हतं. आजोबांना फोन केला. तसंही चाकाचा फोटो पाठवायचा होताच.

ते म्हणाले, ते टाके बायकोचे. कव्हर उसवलं तेव्हा तिने स्वतः बसून शिवलं. दुसरं कोणी त्या गादीवर बसतच नसे. मग सांगू लागले. १९७९ साली ते दोघं शोरूममध्ये गेले तेव्हा त्यांना स्टँडर्ड घ्यायची होती. ती स्वस्त होती. बायको आधी स्टँडर्डवर मागे बसली, मग स्पेशलवर. आणि म्हणाली, हिच्यावरून मला रस्ता दिसतो.

बास, एवढंच. सिनेमा नाही, चॉपर नाही. मागची गादी उंच होती, त्यामुळे तिला नवऱ्याच्या खांद्यावरून पुढचं दिसत होतं. आणि पाठ टेकायला कमान होती.

मी फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये बसून राहिलो. या गाडीविषयी मी महिनोन्‌महिने वाचत होतो. कारखान्याची कागदपत्रं, जुन्या मासिकांमधल्या चाचण्या, रेसचे निकाल. त्या चाचण्या करणारा माणूस जवळजवळ नेहमी एकटा गाडीवर. हँडल कसं आहे, वळणावर कशी झुकते, मनगटं दुखतात का, सगळं तो लिहितो. मागे बसून गाडी कशी लागते, हे लिहायला मागे कोणी बसलेलंच नसे. मोटरसायकलच्या आकाराचा जो इतिहास मी खरा मानून चाललो होतो, तो सगळा पुढच्या सीटवरून लिहिलेला होता. गाडी मात्र दोघांनी मिळून घेतलेली असते. शोरूममधून अमेरिकेची स्टँडर्ड गेली ती फक्त 'ईझी रायडर'मुळे गेली, असं मी आता म्हणू शकत नाही. ओहायोत निदान एक स्टँडर्ड तरी मागच्या गादीमुळे विकली गेली नाही.

आणि माझ्या 'मूळ' गाडीचं काय? चेसिसवरचा नंबर पाहिला. ही गाडी कारखान्यातून स्पेशल म्हणूनच बाहेर पडली होती. तिच्या अंगावर पोशाख कोणी नंतर चढवला नव्हता. मी तिला जिकडे परत नेत होतो तिथे ती कधीच नव्हती. मी तिचं मूळ रूप शोधत नव्हतो, माझ्या बाबांची येझदी शोधत होतो.

म्हणून काम थांबवलं असं नाही. माझे खांदे माझे आहेत आणि रस्ता ७० मैलांचा आहे. पण काढलेली प्रत्येक वस्तू कापडात गुंडाळली, वर चिठ्ठी लावली : काय, कुठून काढलं, कोणता बोल्ट, कोणत्या तारखेला. जुना १६ इंची टायर, लांब वायरी, म्हशीच्या शिंगांचं हँडल, सगळं दोन खोक्यांत. कुठेही काप नाही, वेल्डिंग नाही. एका शनिवार-रविवारात गाडी पुन्हा स्पेशल होऊ शकते, फक्त चाक तेवढं परत विणावं लागेल. मी इथे किती वर्षं आहे हे माझ्या व्हिसाला माहीत. पुढचा मालक कोण असेल आणि त्याच्या मागे कोण बसेल, ते मला ठरवायचं नाही.

या जूनमध्ये आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सपाट सीटवर हात फिरवला आणि म्हणाले, "आता गाडी दिसते." मग त्यांनी गिअर कुठे, किक कुठे ते विचारलं. येझदीला किकचाच दांडा पुढे वळवला की गिअर होतो. इथे दोन वेगळे दांडे पाहून त्यांना ही उधळपट्टी वाटली.

आईला सहज विचारलं, बाबांच्या येझदीवरून तू काय काय पाहिलंस? सांगली-मिरज, नरसोबाची वाडी, एकदा पार पन्हाळ्यापर्यंत गेले होते दोघं. आईने जरा विचार केला. एका बाजूला पाय सोडून बसायचं, एक हात बाबांच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पिशवी, पुढे मी. म्हणाली, "बाबांच्या शर्टाची पाठ पाहिली. आणि डावीकडचं सगळं."

मी काही बोललो नाही. गॅरेजमध्ये जाऊन सपाट सीट काढलं आणि कपाटावरचं जुनं दोन मजली सीट बसवलं. बिजागरीच्या दोन पिना आणि एक कडी, पाच मिनिटांचं काम. मोठी टाकी, सरळ हँडल आणि मागे ओट्यासारखी गादी. गाडी अगदीच विजोड दिसायला लागली. बाबा म्हणाले, "हे काय केलंस?"

आईला हेल्मेट घातलं. पंजाबी ड्रेसवर बाबांचं जाकीट. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायला तिला जरा वेळ लागला, पण पाठ कमानीला टेकल्यावर सैलावली. हायवे टाळून गावाकडच्या रस्त्याने गेलो, ५०च्या आत. दोन्ही बाजूंना मका उभा होता. ओहायोतला मका जुलैत पुरुषभर उंच होतो. आमच्याकडच्या उसासारखा रस्ता दोन्हीकडून बंद करून टाकतो. एका चढावर आईने माझ्या खांद्यावर थाप मारली. मला वाटलं भीती वाटली, थांब म्हणतेय. गाडी बाजूला घेतली.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "पुढे उतार आहे, आणि खाली नदी दिसतेय."

मला अजून दिसली नव्हती.

आई-बाबा परत जाऊन आता महिना झाला. सीट अजून तेच आहे. बदलायचं राहून गेलंय.